सुजाताची अर्धी गोळी

"पयले मले पाहू द्या," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला, की समोरच्याने आपली वस्तू सांभाळावी.

आमच्या शेजारी राहणारे हे गृहस्थ अकोल्यातल्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायच्या कामाला होते. शेतकऱ्याची गाडी आली की ढिगात हात खुपसून आतला कापूस काढायचा, सरकी वेगळी करायची, राहिलेली रुई दोन्ही अंगठ्यांत धरून हळूहळू ओढायची आणि धागा कुठे तुटतो ते उजेडात धरून पाहायचं. गाडीवाल्याने आपल्या कापसाचं कितीही कौतुक केलं तरी ते मान डोलावून ऐकून घेत. ऐकून झालं की तेच, "पयले मले पाहू द्या."

जिनमध्ये हे ठीकच होतं. पण घरी आल्यावरही त्यांचे हात थांबत नसत. कापडाच्या दुकानात ते लुगड्याचा काठ असा ओढून पाहत की दुकानदार तेवढा वेळ डोळे मिटून घेई. भाचीला बघायला आलेल्या मुलाचा त्यांनी चहा पिता पिता दंड दाबून पाहिला होता आणि "बसून खाणारा हाय," असं त्याच्यादेखतच जाहीर केलं होतं. माझी नवी छत्री त्यांनी एकदा उघडून, वाकवून पाहिली. पुढची कित्येक वर्षं मी ती एका बाजूला लवलेली छत्री घेऊन शाळेत शिकवायला जात होते. अशा माणसावर रागावायची सोय नसते, कारण आपल्या भल्यासाठीच त्याने ती वाकवलेली असते.

छप्पन साली नागपूरला जाऊन ते दीक्षा घेऊन आले. घरातले देव गेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. गल्लीतल्या एकाने खोचकपणे विचारलं, की बाबा रे, सगळ्या वस्तू पाहून घेतोस, मग धर्म कसा न पाहता घेतलास? ते शांतपणे म्हणाले, "बुद्धानंच सांगतलं ना, माह्यावर बी भरोसा ठेवू नोका, पाहून घ्या. म्हणून तर घेतला."

दीक्षेनंतर वर्षभरात मुलगी झाली. तिचं नाव मोठ्या हौसेने सुजाता ठेवलं. जिने झाडाखाली स्थिर बसलेल्या बुद्धाला खीर दिली, ती सुजाता. आमच्या सुजाताने मात्र खीर अर्ध्या वाटेत सांडली असती आणि बुद्धाला उठवून झाडावर चढवलं असतं.

मी नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत शिकवायची, आणि चौथीला ही माझ्या वर्गात आली. तुम्ही शिक्षक असाल तर असं एखादं मूल तुमच्या वाट्याला आलंच असेल. ती वाईट नव्हती, हे आधी सांगते. खोटं बोलायची नाही, मारामारी करायची नाही. फक्त बसायची नाही. पाढे म्हणता म्हणता खिडकीत, खिडकीतून व्हरांड्यात, व्हरांड्यातून शेजारच्या तिसरीच्या वर्गात, आणि तिथून विचारणार, "बाई, साताच्या पाढ्यात कुठी आलो होतो आपून?" एक गणित सोडवायला घेतलं की त्या पाटीवर दोन आकडे, एक चिमणी आणि शेजारणीच्या वेणीची रिबीन असं सगळं जमा व्हायचं. पण मी तोंडी विचारलं तर उत्तर बरोबर यायचं, तेही पळता पळता.

दिवाळीनंतर शाळा तपासणीस यायचे होते. ते वर्गात आले, खुर्चीवर बसले आणि उठायला गेले तेव्हा त्यांच्या धोतराच्या सोग्याला खडूचा डबा बांधलेला होता. सुजाताला विचारलं तर ती निरागसपणे म्हणाली, "मी गाठ शिकून रायली होती." गाठ चांगली पक्की बसली होती.

आमच्या मोठ्या बाईंनी त्याच संध्याकाळी तिच्या वडिलांना बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे शिस्तीची बाई. त्यांच्यासमोर पंखासुद्धा आवाज न करता फिरायचा. त्यांनी सांगून टाकलं, की वार्षिक परीक्षेपर्यंत वाट पाहीन. मुलगी बसायला शिकली तर ठीक, नाहीतर नाव काढून न्या.

वडील बाहेर आले. फाटकापाशी माझ्याशी बोलले. "बाई, माह्या मायनं जिनात कापसातली घाण येचली. माह्या बायकोनं येचली. शाळेतून नाव निघालं का हिले बी तेच. हिनं नाही येचाची." इतकंच बोलून ते सायकलवर बसले. आमच्या गल्लीत नाव काढलेली मुलगी आठवडाभरात जिनच्या अंगणात दिसे, हे मलाही ठाऊक होतं.

मग गल्लीने आपापले उपाय सुचवले. कुणी म्हणालं, दृष्ट काढा. कुणी ताईत आणून दिला. ताईत त्यांनी परत केला, "आता ते आमच्यात नाही," म्हणाले. ब्राह्मीचं तेल मात्र त्यांना पटलं, कारण ते पाहून घेता येत होतं. आठवडाभर त्यांनी ते स्वतःच्या डोक्याला चोपडलं. त्यांना उत्तम झोप लागली. एकदा तर कापसाच्या ढिगावरच लागली, आणि हमालांनी त्यांना गाडीवर टाकायच्या आत कुणीतरी ओळखलं म्हणून बरं. सुजाताच्या डोक्याला तेल लावायला घेतलं तेव्हा ती तेलकट डोक्यानिशी निसटून गेली आणि गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर तिचा ठसा उमटला.

शेवटी मीच त्यांना सांगितलं, की विलायतेहून शिकून आलेले एक डॉक्टर नागपूरहून महिन्यातून एकदा अमरावतीला येतात, त्यांना दाखवा. ते मलाही सोबत घेऊन गेले, कारण मुलगी वर्गात काय करते हे सांगायला बाई पाहिजेत. बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत सुजाताची डब्यातल्या सगळ्या प्रवाशांशी ओळख झालेली होती. डॉक्टरांच्या खोलीत मी माझं म्हणणं मांडायला तोंड उघडलं, तोवर तिने वजनकाट्यावर स्वतःला, मग बापाच्या चपलेला, मग डॉक्टरांच्या जाडजूड पुस्तकाला तोलून पाहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नाही सांगितलं तरी चालेल, बाई."

त्यांनी गोळ्या दिल्या. रोज सकाळी अर्धी. समजावून सांगितलं, की या गोळीने मोठ्या माणसाला तरतरी येते, झोप उडते. पण अशा मुलांना दिली तर ती उलट स्थिर होतात, त्यांचं लक्ष लागतं. भूक थोडी कमी होईल, जपा.

सुजाताच्या बाबांनी गोळी बोटांत धरून उजेडात पाहिली. ओढण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. मग विचारलं, "डागतरसाहेब, तुमी सोता घेतली काय हे?"

"नाही. मला कशाला?"

"मंग तुमाले कसं माईत?"

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागले.

परतीच्या गाडीत ते सारखे एकच बोलत होते. एकच गोळी मोठ्याले पळवते अन् लहान्याले बसवते, हे कसं? एकच पाणी एका शेतात वर अन् दुसऱ्यात खाली वाहते काय? मी म्हटलं, डॉक्टर शिकलेले आहेत. ते म्हणाले, "शिकलेले हायेत, पर पाहिलेले नाहीत."

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. मुलीला अर्धी, तर आपल्या वजनाला दोन, असा हिशोब करून त्यांनी ऐन हंगामात, बाजाराच्या दिवशी, सकाळी चहाबरोबर दोन गोळ्या घेतल्या.

हा माणूस एरवी जिनमध्ये चार शब्द बोलला तर तो दिवस हमालांच्या लक्षात राही. त्या दिवशी ते फाटकात शिरल्यापासून बोलत होते. आलेल्या सगळ्या गाड्या त्यांनी पाहिल्या. गाड्या संपल्यावर जमिनीवर सांडलेला कापूस पाहिला. तो संपल्यावर मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेले, साहेबांना उभं केलं, त्यांच्या खुर्चीची गादी एका कोपऱ्यात उसवली, आतली रुई ओढून पाहिली आणि सगळ्या कारकुनांसमोर निकाल दिला, "हे आपल्याच जिनातली हाय, साहेब. अन् ओला करून इकलेला कापूस हाय. आपल्याले आपूनच फसवलं." साहेब भले होते. त्यांनी त्यांना तब्येत बरी नाही म्हणून घरी पाठवलं.

घरी पाठवलं, ही साहेबांची चूक. मी शाळेतून आले तेव्हा गल्लीत पांढरे ढीग पडलेले होते. त्यांनी आधी स्वतःच्या घरच्या गाद्या उसवल्या, मग शेजाऱ्यांच्या मागून आणल्या. माझ्या घरात माझी सासू होती, तिने 'पिंजाऱ्याकडे नेताहेत' असं समजून माझी गादी काढून दिली. सगळ्या गल्लीची रुई धाग्याच्या लांबीप्रमाणे निवडून त्यांनी तीन ढीग केले होते, लांब, मधला आणि "हे फेकून द्या". माझी गादी तिसऱ्या ढिगात होती. त्यात भर म्हणून सुजाता पहिल्या ढिगातून तिसऱ्यात उड्या मारत होती. ते घामाघूम होऊन, दात घट्ट दाबून, मला कापसाच्या जाती समजावून सांगत होते, आणि त्यांची बायको दारात पिठलं-भाकरीचं ताट घेऊन दुपारपासून उभी होती. त्यांनी त्या ताटाला हातही लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते पडूनच होते. जबडा दुखत होता, डोकं दुखत होतं. पिंजाऱ्याने ढीग पाहिले आणि कुठली रुई कुणाची हे सांगता येणार नाही म्हणून हात वर केले. आजही त्या गल्लीत कोण कुणाच्या गादीवर झोपत असेल, सांगता येत नाही.

संध्याकाळी मी तब्येत विचारायला गेले तर नवरा-बायकोचं चाललेलं होतं.

"घोड्याले द्याचं औषध हाय हे," ते कण्हत म्हणाले. "माह्या पोरीले मी देत नाही. मी पाहून घेतलं."

त्यांची बायको फार बोलणारी नव्हती. चुलीपुढून उठली, ओल्या हातांनीच त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "काय पाहिलं तुमी? कापूस पाहाचा असन तर कापूसच ओढता ना? का सोताची मिशी ओढून सांगता, का कापूस कसा हाय?"

त्यांनी आपल्या मिशीचं टोक ओढून पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर बोलून रायली." बायकोचं बरोबर आहे असं कबूल करणारा पुरुष मी त्या गल्लीत पहिल्यांदाच पाहिला, आणि त्यालाही त्यासाठी दोन गोळ्या लागल्या.

सोमवारी सुजाताला अर्धी गोळी दिली.

प्रार्थनेनंतर ती वर्गात आली आणि जागेवर बसली. मी पाढे घेतले, ती बसलेली. मी शुद्धलेखन घातलं, ती मान खाली घालून लिहीत होती. चिमणी आत आली, सगळ्या वर्गाने वर पाहिलं, सुजाताने नाही. सवयीने मी दोनदा ओरडले, "सुजाता, खाली बस," आणि सगळ्या मुली मला हसल्या. मधल्या सुट्टीत खिडकीच्या गजांमागे मला ओळखीची मिशी दिसली. ते कामावर गेलेच नव्हते. मी त्यांना तिची पाटी नेऊन दाखवली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, पुसली जाईल म्हणून अंगठे कडेला ठेवून, आणि पुन्हा पुन्हा पाहिली.

आता सगळं सुरळीत झालं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं, मोठ्या बाईंना तर वाटलंच. पण घरचं गणित वेगळं होतं. सुजाता दुपारचा डबा तसाच परत नेऊ लागली. तिच्या आवडीचा भरीत-भाकरीचा घास ती तोंडात घोळवत बसे. ती गाणी म्हणेना, शिट्ट्या वाजवेना. आई म्हणायची, लेकरू जन्मल्यापासून पहिल्यांदा मी दोन घास बसून खाल्ले, आता मोडता घालू नका. बाप म्हणायचा, "तू खाल्ले, पर तिनं कुठी खाल्ले?" दोघांचंही खरं होतं. अशा वेळी तिसऱ्याने मध्ये पडू नये, पण ते तिसऱ्यालाच बोलवायला आले.

"बाई, तुमी सांगा. घर सुनं लागते. पाटी भरली, अन् घर खाली झालं. पोरगी शाळेत राहावी म्हणून मी पोरगीच देऊन टाकली का काय?"

मी काय सांगणार? मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, मोठ्या बाई काय म्हणाल्या ते सांगितलं, मला काय वाटतं तेही सांगितलं. त्यांनी सगळं मान डोलावून ऐकून घेतलं. मग अंगणात गेले. सुजाता पायरीवर बसलेली होती. ते तिच्याशेजारी टेकले आणि त्यांनी तिला जे विचारलं, ते आमच्यापैकी कुणीच तोवर तिला विचारलं नव्हतं.

"गोळी घेतली का तुले कसं वाटते वं?"

तिने विचार केला. "गोळी घेतली का बाईंचा एकटीचाच आवाज येते."

"अन् नाही घेतली का?"

"मंग समद्याईचा येते. चिमनीचा, टांग्याचा, तिसरीच्या वर्गातल्या पाढ्याचा, तुमच्या जिनच्या भोंग्याचा. समदे एका वक्ताले बोलतात, बाबा. बाई बी त्याच्यात असतात, पर सापडत नाहीत."

मी दारात उभी होते. पाच महिने मी त्या पोरीवर ओरडत होते, आणि मी तिला सापडत नव्हते.

"मंग तुले कोणता बरा वाटते?" त्यांनी विचारलं.

"शाळेत बाईंचा," ती म्हणाली. "घरी समद्याईचा."

एवढ्यावर त्या घराचा निकाल लागला. पुढच्या खेपेला त्यांनी अमरावतीला जाऊन डॉक्टरांना हेच सांगितलं, आणि डॉक्टरांनी म्हणे चष्मा काढून ठेवला आणि सुजातालाच पुन्हा सगळं विचारलं. शाळेच्या दिवशी अर्धी, रविवारी सुट्टी, असं ठरलं. गोळीच्या आधी पोटभर जेवण. त्यासाठी बाप चूल पेटवू लागला, कारण इतक्या पहाटे भाकरी थापायला आई तयार नव्हती. त्यांच्या भाकऱ्यांचा आकार काय वर्णावा, पण पोरगी त्या ठेच्याबरोबर खायची. आणि रविवारी ते तिला जिनमध्ये न्यायचे आणि कापसाच्या सर्वांत उंच ढिगावर सोडून द्यायचे. थोड्याच दिवसांत सगळ्या गल्लीची पोरं तिच्यामागे जाऊ लागली. मॅनेजरसाहेबांनी तिकडे काणाडोळा केला, पण आपल्या खोलीला कुलूप लावून घेतलं.

सुजाता चौथी पास झाली, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पुढे दोन वर्षांनी गोळ्या सुटल्या. ती अमरावतीला मामाकडे राहून मॅट्रिक झाली. तिच्या मॅट्रिकचा निकाल मात्र बाबांना पाहायला मिळाला नाही. त्याच्या आदल्या हंगामात, जिनमध्येच, काम करता करता त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले.

मला ते आठवतात ते चौथीच्या परीक्षेच्या दिवशीचे. अकोल्याचं एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीत आहे. सकाळीच जमीन तापलेली होती. सुजाता आत शेवटच्या रांगेत गोणपाटाच्या टाटपट्टीवर बसून पेपर लिहीत होती. गोळी तिने आपल्या हाताने घेतली होती. तरी डावा हात तिने मांडीखाली घट्ट दाबून धरला होता, आणि घटकेघटकेला ओठ चावत होती. फाटकाच्या भिंतीआड, तिला दिसणार नाही अशा बेताने, तिचे बाबा उभे होते. मी शिपायाबरोबर स्टूल पाठवलं, ते त्यांनी परत पाठवलं. मग पाणी प्यायच्या निमित्ताने मी स्वतःच स्टूल घेऊन गेले.

"अहो, बसा ना. अजून पुष्कळ वेळ आहे. ती लिहिते आहे नीट."

त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

"राहू द्या, बाई. पोरगी आत बसून रायली. तिले किती जड जाते ते मले माईत हाय. जराक मले बी जड जाऊ द्या."

मी स्टूल उचललं आणि वर्गात परत आले.